परबाने सांगितलेला सिनेमा

सदानंद परब सैन्यात कधीही नव्हता. बंदूक त्याने हातात धरली नव्हती. लालबागच्या आमच्या चाळीत त्याला मेजर म्हणत, ते केवळ सिनेमामुळे. तो एका गिरणीच्या साचेखात्यात, मागावर होता. गिरणी बंद पडल्यावर कुठल्याच खात्यात नव्हता.

मी त्याच मजल्यावर राहत असे. परळच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. चाळ पाडून तिथे मनोरा उभा राहिला, तेव्हाही आम्हांला घरं समोरासमोरच मिळाली. आयुष्यभर त्याचं दार माझ्या दारासमोर होतं. एवढ्यावरून मी त्याला ओळखत होतो असा दावा करत नाही.

त्याच्याविषयी लिहायचं कारण त्याचा मुलगा. संदेश परक्या देशातल्या युद्धात भाडोत्री सैनिक झाला आणि परतला नाही. प्रेतही आलं नाही. अशा वेळी माणूस गेला असं धरायचं की नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्याने ठरवायचं असतं. परब ते ठरवत नव्हता. सून स्वाती वाट पाहत होती, आणि वाट पाहणं म्हणजे काय हे मी तिच्या चेहऱ्यावर रोज पाहत होतो. परबाच्या नकाराचं मूळ मात्र दुःखात नव्हतं. ते एका सिनेमात होतं.

त्या काळी आमच्या भागातल्या थिएटरांत रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमे लागत. मारामारीला भाषा लागत नाही, अशी मालकांची समजूत होती आणि ती बरोबर होती. त्यातही एका जातीच्या सिनेमांना खास गर्दी होई. निवृत्त, बदनाम, पोट सुटलेले सैनिक, त्यांना एकेक करून गोळा करणारा म्होरक्या, पैसे देणारा कोणी बडा शेठ, नकाशावर न सापडणारा एखादा देश, विमानातून उडी, मग शेठचा दगा, आणि परतीच्या विमानापर्यंतची धाव. प्रत्येक भूमिकेत नावाजलेला नट. एका सिनेमाच्या पैशात पाच-सहा सिनेमांचे नायक पाहायला मिळत, आणि त्यांतले बहुतेक मरत.

परब स्टॉलच्या मधोमध बसे. पडद्यावर ओठ हलले की तो बोलू लागे. आवाज चढवत नसे. पण पुढच्या दोन आणि मागच्या दोन रांगांना तो स्पष्ट ऐकू येई. म्होरक्या जुन्या सोबत्याच्या घरी जातो, दोघे ग्लास हातात धरून बोलतात. परब सांगे, "ह्यो म्हणता, चल, काम आसा. तो म्हणता, माझे हात कापतत आता. ह्यो म्हणता, माझे पण. तो म्हणता, बायकोक काय सांगू? ह्यो म्हणता, सांग तिका, चवथीक येतंय." दोन्ही बाजूंच्या रांगा हसत. गोऱ्या सैनिकाला गणपतीला घरी परतायचं आहे, याचं कोणालाही आश्चर्य वाटत नसे.

मी त्याला एकदा विचारलं, "परब, तुला इंग्रजी येतं?"

"इंग्लिश येणा नाय, मास्तर," तो म्हणाला. "तोंडां येतत."

तो ज्याला 'विमानवालो' म्हणे, तो सिनेमा त्याने सर्वांत जास्त वेळा पाहिला. खरं नाव त्याला उच्चारता येत नसे. त्यात उडी मारण्यापूर्वी म्होरक्या विमानाच्या पोटात आपल्या माणसांसमोर उभा राहतो आणि एकच वाक्य बोलतो. परबाने ते असं सांगितलं होतं: "पडललो माणूस खांद्यार घेतल्याबिगर विमान सुटाचा नाय." चाळीतल्या पोरांना ते पाठ होतं. संदेशला तर बोलता येऊ लागलं तेव्हापासून. बापाच्या मांडीवर बसून तो ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणे आणि बापाच्या आधी संपवी.

संपानंतर गिरण्या उघडल्या नाहीत. साचेखात्यातली माणसं दिवसभर गॅलरीत बसून राहू लागली. तेव्हा परबाने एक प्रथा सुरू केली. सिनेमा लागला की तो दारोदार फिरे, बोटाच्या पेराने दार वाजवी आणि म्हणे, "काम आसा." नाव घेत नसे. कोकणात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. हाक मारणारा माणूसच असेल असं सांगता येत नाही. म्हणून नावाने बोलवायचं नाही, दार वाजवायचं, असा त्याचा नियम. माणसं सदऱ्याची बटणं लावत बाहेर येत. सिनेमाला जायचं आहे हे त्यांना ठाऊक असे. तरी चेहरे पाळीवर निघाल्यासारखे होत.

मी हे सारं दुरून पाहत होतो. मला ते सिनेमे आवडत नव्हते. एकदा जिन्यात मी त्याला ऐकवलं.

"परब, ही पैसे घेऊन माणसं मारणारी टोळी आहे. ज्यांच्या देशात हे उतरतात, त्या लोकांना सिनेमात साधं नावही नसतं. पाखरं पडावीत तशी पडतात ती माणसं."

"तां खरा," तो म्हणाला.

"मग त्यात पाहण्यासारखं काय?"

तो दोन पायऱ्या खाली उतरला, मग थांबला. "मास्तर, अर्धो सिनेमा नुसती माणसां गोळा करण्यात जाता. मारामारी मागसून. लोक पहिल्या अर्ध्यासाठी येतत. म्हातारो झालेलो, कोण इचारणा नाय असो माणूस घरात बसललो आसता, आणि कोणतरी येवन दार वाजवता. तुका जा येता, ताच होया, म्हणता. तुमचा दार कोण वाजवता काय?"

माझं म्हणणं मी अजून मागे घेतलेलं नाही. पण ते सिनेमे इतकी वर्षं का टिकले, याचं याहून नेमकं कारण मला कोणी सांगितलेलं नाही.

मग माणसं जाऊ लागली. पहिला भिकाजी, परबाच्या शेजारच्या साच्यावरचा. तो गेल्यावर पुढच्या सिनेमाच्या वेळी परबाने नेहमीप्रमाणे त्याचं दार वाजवलं. भिकाजीच्या बायकोने दार उघडलं. मी माझ्या उंबऱ्यात होतो.

"काम आसा," परब म्हणाला.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. "भावजी, हे गेले नाय काय?"

"ठावक आसा, वैनी. पण बोलवल्याबिगर जावचा कसा?"

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता रडेल किंवा शिव्या देईल. ती आत वळून रिकाम्या खोलीला म्हणाली, "अवो, बोलवतत." आणि दार उघडंच ठेवून बाजूला झाली. परब क्षणभर थांबला. कोणीतरी चपला घालत असावं, तितकाच वेळ. मग जिन्याकडे चालू लागला, भिंतीच्या बाजूला थोडी जागा सोडून.

पुढे अशी दारं वाढत गेली. चाळीत कुजबुज सुरू झाली की मेजर ज्याचं दार वाजवतो तो फार दिवस राहत नाही. तर्कापुढे हे टिकत नाही. वाजवली जाणारी सगळीच दारं म्हाताऱ्यांची होती. तरी काही घरांत त्याचं पाऊल ओळखून आतून कडी लागे. परब त्या बंद दारांसमोर रागावत नसे. "आज सुट्टी घेतल्यान," एवढंच म्हणे.

एकदा त्याने माझं दार वाजवलं. मी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. सिनेमा 'विमानवालो' नव्हता, त्याच घराण्यातला दुसरा होता. थिएटर जवळजवळ मोकळं होतं. परबाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या त्याने राखून ठेवल्या होत्या. एक जण बसायला आला, त्याला परब म्हणाला, "माणूस आसा." तो मनुष्य रिकाम्या खुर्चीकडे पाहून लांब जाऊन बसला. मी ओळीच्या टोकाला होतो. पडद्यावर ओठ हलले आणि परब बोलू लागला. त्याच्या शब्दांचा मूळ संवादांशी क्वचितच संबंध होता. कोणाला तो हवाही नव्हता. विनोदाच्या जागी तो थांबला. चार रांगांचं हसू ओसरायला लागावा तितका वेळ थांबला. हसलं कोणीच नाही. मग त्याने पुढचं वाक्य उचललं.

मी पुन्हा कधी त्याच्याबरोबर गेलो नाही.

पुढे थिएटरं बंद पडली आणि ते सिनेमे टीव्हीवर आले, नुसते इंग्रजी. परब आवाज बंद करून पाही. संध्याकाळी त्याच्याकडे गेलो की पडद्याकडे बोट दाखवी. "ह्यो गेलो गेल्या वर्सा. ह्यो त्याच्या आधी. ह्यो कधीच गेलो." मग एकदा म्हणाला, "मास्तर, आता ह्या सिनेमात कोण जितो नाय. सगळे गेले. आणि तरी बघा, मरूक नको म्हणान कसे धावतत."

मी पाहिलं. ते धावत होते. त्यानंतर त्या सिनेमांकडे मला पूर्वीच्या तिरस्काराने पाहता आलं नाही, आणि शांतपणेही पाहता आलं नाही.

नटांच्या मरणाविषयी परबाची एक ठाम धारणा होती. एका सिनेमात मेलेला नट पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या थिएटरात उभा असतो, हे त्याने तरुणपणी वारंवार पाहिलं होतं. त्यामुळे पडणं आणि मरणं या त्याच्या लेखी वेगळ्या गोष्टी होत्या. मी ही गंमत समजत होतो.

संदेश मॉलमध्ये सुरक्षारक्षक होता. मॉल गिरणीच्याच जागेवर उभा होता. कंत्राट बदललं आणि त्याची नोकरी गेली. घरात बायको, शाळेत जाणारी मुलगी. कोणा एजंटाने परदेशात पहाऱ्याचं काम आहे असं सांगितलं. तो गेला. तिथे पोहोचल्यावर त्याच्या हातात रायफल दिली आणि सही घेतली. सही कशावर केली, ते त्याला वाचता येत नव्हतं. त्याचा फोन आला तेव्हा मी परबाच्या घरी होतो. आवाज हसरा होता. "बाबा, इथे सगळ्या देशांतले आहेत. म्हातारेपण आहेत. अगदी तुमच्या विमानवाल्यासारखं."

"म्होरक्यो कसो आसा?" परबाने विचारलं.

"आहे एक. बोलत नाही जास्त."

"चांगलो आसतलो मगे," परब म्हणाला.

काही आठवड्यांनी फोन थांबले. स्वाती कचेऱ्यांतून फिरली. 'बेपत्ता' एवढाच शब्द तिला सगळीकडे मिळाला.

त्यातून एक विचित्र गोष्ट सुरू झाली. संदेशचा तिथला नंबर मोबाईलवर अधूनमधून 'ऑनलाइन' दिसू लागला. कधी भरदुपारी, कधी सकाळी चहाच्या वेळी. हिरवी खूण येई, थोडा वेळ राही, जाई. पाठवलेले निरोप वाचल्याचं दिसे. उत्तर येत नसे. परब फोन मांडीवर ठेवून खिडकीशी बसे आणि मधूनच म्हणे, "इलो." थोड्या वेळाने, "गेलो." घरात संदेश येऊन-जाऊन असावा, तसं ते ऐकू येई. त्याची नात पुस्तकातून मान वर न करता विचारी, "आजोबा, काय म्हणाले?"

"काय नाय. बघून गेलो."

स्वाती मला गॅलरीत भेटली. "सर, तो फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे. मला काय कळत नाही का? पण बाबांना कोण सांगणार? आणि मी काय करू? टिकली लावली तरी बायका बघतात, नाही लावली तरी बघतात. काल मुलगी विचारत होती, शाळेत 'आहेत' सांगू की 'नाहीत' सांगू. एक काय ते ठरवा ना कोणीतरी. जे असेल ते. मी करीन सहन."

मी परबाशी बोललो. तो म्हणाला, "म्होरक्यान सोडल्यान नसतलो, मास्तर. खयतरी नेऊन ठेवल्यान आसतलो." यापुढे बोलणं सरकत नसे.

मग निलेश आला. वरळीचा तरुण, संदेशच्याच तुकडीत होता. पायाला जखम झाली म्हणून परत पाठवला गेला. कुबडी घेऊन तो परबाच्या दिवाणखान्यात बसला. स्वातीने पाणी दिलं. ते त्याने प्यायलं नाही.

"काका, मी पाहिलं त्याला पडताना. शेतातून गाडीकडे पळत होतो सगळे. गाडी चालू होती. त्याने मला हाक मारली. एकदाच."

"तू ओ दिलंस?" परबाने विचारलं.

निलेशने मान हलवली. नाही.

"पडललो बघलंस," परब म्हणाला. "मेललो बघलंस काय?"

"नाही. पण काका, तिथून कोणी उठत नाही हो."

"म्होरक्यो परत गेलो आसतलो तेका घेऊक."

"कोण म्होरक्या? ऑर्डरच होती थांबायचं नाही. कुणासाठीच नाही."

"तसा नसता," परब म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. चुकलेल्या पोराला समजावण्याचा सूर होता. "स्वाती, तो विमानवालो लाव गो. ह्याका दाखव."

"बाबा, आता?"

"लाव. ह्याका म्हायत नाय."

स्वातीने मोबाईलवरून तो सिनेमा शोधला आणि टीव्हीवर लावला. इतक्या वर्षांनी मी तो पहिल्यांदा पाहत होतो. या वेळी खाली हिंदी अक्षरं उमटत होती. तिने ती लावली नव्हती. ती आपोआप येत होती. तिने सरळ विमानाच्या प्रसंगावर नेलं. म्होरक्या उभा राहिला. त्याचा चेहरा कणखर आणि दमलेला होता. परब पुढे सरकला आणि त्याच्या ओठांबरोबर बोलू लागला, "पडललो माणूस खांद्यार..."

तो थांबला. खाली अक्षरं होती. परबाने ती एकेक करून मोठ्याने वाचली. "जो गिरेगा, वहीं रहेगा. कोई नहीं रुकेगा."

सिनेमा पुढे गेला होता, माणसं विमानातून उड्या मारत होती.

"परत लाव," परब म्हणाला.

तिने मागे नेलं. तोच चेहरा, तेच ओठ, तीच अक्षरं. मूळ इंग्रजी वाक्यही तेच सांगत होतं. मी ते ऐकलं. परब चेहऱ्याकडे पाहत राहिला.

"तोंड तसा सांगणा नाय," तो म्हणाला.

खरंच सांगत नव्हतं. तो नट उत्तम होता. त्या क्षणी त्याने आपल्या माणसांकडे असं पाहिलं होतं की कोणालाही वाटावं, हा यांतल्या एकालाही सोडणार नाही. ते वाक्य आणि तो चेहरा एकमेकांच्या विरुद्ध होते, आणि परबाने चेहऱ्यावर विश्वास ठेवला होता. त्याच्या पुढच्यामागच्या रांगांनी ठेवला होता. संदेशने ठेवला होता.

निलेश रडत होता. परबाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुझी काय चूक नाय रे, झिला." मग मांडीवरचा फोन उचलून सुनेच्या हातात दिला. "बंद कर ह्यो. आणि भटजींका इचार, काय काय लागता ता."

ज्याचं शरीर मिळत नाही, त्याच्यासाठी पळसाच्या देठांचा मनुष्याकृती पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. बाकीचं दर्भाने बांधतात. परळच्या स्मशानभूमीत एका कोपऱ्यात भटजींनी तो बांधला. ऊन लख्ख होतं. स्वाती, तिचा भाऊ, निलेश, मी आणि परब, एवढेच होतो. बांधून झाल्यावर परब पुतळ्याच्या पायाशी उभा राहिला.

"आखूड झालो ह्यो," तो म्हणाला. "संदेश उंच."

"शास्त्रात माप दिलेलं असतं, आजोबा," भटजी म्हणाले.

"ह्याचे पाय लांब."

भटजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी देठ वाढवले आणि गुडघ्याखाली पुन्हा गाठी मारल्या. परबाने वाकून लांबी पाहिली, मान डोलावली आणि स्वतः अग्नी दिला. स्वातीने हात जोडले. तिच्या खांद्यांवरचा ताण त्या क्षणी उतरला. तिला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, आणि ते तिने म्हटल्याप्रमाणे सहन केलं.

त्यानंतर परब काही महिने जगला. जिन्यात दिसे, नमस्कार करी. पण मला त्याचं शेवटचं दर्शन म्हणून आठवतं ते त्या दुपारचंच.

निघताना मागे वळून पाहायचं नाही, असं भटजींनी सांगितलं. आम्ही फाटकाकडे चालू लागलो. माझ्या मागे परबाची पावलं वाजत होती, ती थांबली. बाकी कोणीही वळलं नाही. मी वळलो.

पळसाचे देठ ओले होते. आगीत ते सुकत होते, आखडत होते, वळत होते. पुतळा कमरेत वाकला आणि नारळाचं डोकं जमिनीवरून हळूहळू वर उठू लागलं. कोणी झोपेतून उठून बसावं तसं. आगीजवळ थांबलेले भटजी दोन पावलं मागे सरले. परब आगीकडे परत गेला. ज्वाळा त्याच्या गुडघ्यांपर्यंत येत होत्या. त्याने पाय रोवले, वाकला, आणि खाली पडलेल्याला काखेत धरून उचलावं तसे दोन्ही हात आगीत घातले.